दोनदा झालेला उद्रेक

आगाशेबाई फळ्यावर दीर्घिकेचं चित्र काढायच्या ते मधली जागा कोरी ठेवून. दोन्ही बाजूंना खडू आडवा धरून धूसर ढग काढायच्या आणि मग कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणायच्या, "इथं आता सगळं शांत आहे. पण शांत आहे म्हणजे कधी भडकलंच नव्हतं, असं समजू नका." रत्नागिरीच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत, मी मराठी. आमचे वर्ग शेजारी, त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालं होतं.

एकदा स्टाफरूममध्ये मी विचारलं, "बाई, जे घडताना कुणी पाहिलं नाही, ते घडलं हे कशावरून?"

"अहो, मधल्या कृष्णविवराजवळून लाखो वर्षांपूर्वी जे बाहेर फेकलं गेलं, त्याचे दोन्ही बाजूंचे ढग अजून विझलेले नाहीत. रेडिओ दुर्बिणीला दिसतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी ज्या दीर्घिकेचा अभ्यास करत होते ना, तिच्यात त्या ढगांच्या आत आणखी एक लहान जोडी होती. म्हणजे उद्रेक दोनदा झाला. आमचे मार्गदर्शक म्हणाले, यंत्राचा दोष असेल, पुन्हा निरीक्षणं घ्या."

ती निरीक्षणं राहूनच गेली. वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायू झाला आणि बाई संशोधन अर्धवट टाकून घरी आल्या. त्या एकुलत्या. आबांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, मग कॉलेज गाठायचं, यात वर्षं गेली. आबा गेल्यावर मी म्हटलं, "आता परत जा."

"कुठं? तिथली माणसं फार पुढं गेली हो. मी आता त्यांच्या पायांत येईन."

गणपतीच्या सुट्टीनंतर एका दुपारी त्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिक उघडून बसलेल्या दिसल्या. मी चहाला बोलवायला गेलो, तर त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. तीच दीर्घिका. बाहेर जुने ढग, आत नवी जोडी. वर दोन परकी नावं.

"यंत्राचा दोष नव्हता," त्या म्हणाल्या.

"त्यांना कळवा. आधी तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं. दाखवता नाही आलं." चष्मा काढून त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वर्गात शिकवलं. "बाई, कुणी शोधलं हे?" असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा ती दोन नावं अक्षर अक्षर सुटं करून सांगितलेली मला भिंतीपलीकडून ऐकू आली.

त्याच हिवाळ्यात बाईंनी कावीळ अंगावर काढली आणि त्या गेल्या. शोकसभेत सगळे त्यांच्या पितृसेवेबद्दल बोलले. मग मी उठलो आणि त्यांना आकाशात काय दिसलं होतं ते जमेल तसं सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "मग त्यांचं नाव कुठं छापून आलं का?"

"नाही," म्हणालो आणि खाली बसलो.