गाईचं डावं अंग

वडगाव निंबाळकरची राजेश्वरी पुण्याला नेमकं काय शिकते, हे तिच्या घरात कुणाला धड सांगता येत नसे. आजोबा गेणबा मेंढरांमागं हिंडले, आप्पांनी मेंढरं विकून ऊस लावला, गाई बांधल्या, आणि त्यांची ही पोरगी घरांची चित्रं काढायला गेली, एवढंच ठाऊक. "घरं तर संभाजी गवंडीबी बांधतो की," असं आत्या म्हणायची.

सारजाआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. घरच्या दहा गाईंच्या धारा दोन्ही वेळा तीच काढी, आणि ते काम दुसऱ्या कुणाला देईल तर शपथ. गुडघे मात्र कामातून गेले होते. उकिडवी बसली की उठताना कण्हत, गाईच्याच पाठीला धरून उठे.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या सुमाराला आप्पांनी नवा गोठा बांधायचं काढलं. राजेश्वरी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. नकाशा मी काढते, म्हणाली. आप्पा आधी हसले, मग म्हणाले, "काढ. पर बांधून पाडायची पाळी आणू नगं."

कागदावरचं काहीतरी पहिल्यांदाच विटा-सिमेंटात उतरणार होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की ह्या गोठ्यात आत्याला धार काढताना कण्हावं लागू नये. ते जमलं तर आपण शिकलो, नाही तर पाच वर्षं चित्रंच काढली.

चार वर्षं तिनं सगळं हातानं काढलं होतं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची, आणि जास्त खरवडली की कागदाला भोक. त्यामुळं रेघ मारण्याआधी माणूस दहादा विचार करतो. शहाणपणानं नव्हे, ब्लेडच्या धास्तीनं. त्या वर्षी ती कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड शिकली. क्लासच्या खोलीत देवळात जावं तसं चपला बाहेर काढून जायचं. आत गारेगार एसी, काळा पडदा आणि त्यावर रंगीत रेघा. पुसायला कष्ट नाहीत, एक खिडकी काढली की हव्या तेवढ्या खिडक्या तयार. तिला ते फार आवडलं. न आवडायला काय झालं? खरवडून बोटं दुखलेल्या कुणालाही आवडेल.

आत्या गाईच्या डाव्या अंगाला बसून धार काढी आणि घरच्या सगळ्या गाईंना तीच सवय होती. म्हणून राजेश्वरीनं प्रत्येक गाईच्या डाव्या हाताला दीड फूट रुंद, फूटभर उंच असा कट्टा काढला. आत्यानं त्यावर टेकावं, आणि उठताना कट्ट्याच्या टोकाला छपराचा खांब असेल, त्याला धरावं. अशी पाच गाईंची एक रांग झाली. पलीकडं पाच गाईंची दुसरी रांग, मध्ये चालायला वाट, दोन्ही रांगांच्या शेपट्या वाटेकडं. दुसरी रांग काढायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. 'मिरर' म्हणून आज्ञा दिली आणि आरशात दिसावी तशी पहिलीची दुसरी रांग वाटेपलीकडं उमटली. तिनं नकाशा छापून घेतला, सुरळी केली आणि एसटीनं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनं जागेवर फक्की टाकली. पायाचे खड्डे घेण्याआधी पांढऱ्या भुकटीनं सगळा नकाशा जमिनीवर आखायचा, ही त्या धंद्याची रीत. आखता आखता त्याची टकळी चालूच होती.

"लई बेस काढलंय, ताईसाहेब. माझ्या पोरीचं चित्र आसं निघालं आस्तं तर तिला मास्तरांनी मारली नस्ती."

"तुमची पोरगी काय काढते, संभाजीदादा?"

"मास्तरांनाच काढती."

तेवढ्यात सारजाआत्या चांदी नावाच्या गाईला दाव्यानं ओढत घेऊन आली. आप्पा म्हणाले, "आक्का, अजून गोठा झाला न्हाय. गाय कशाला?"

"लुगडं घ्यायचं तर आंगाला लावून बघत्यात का न्हाय? गप बस."

पहिल्या रांगेत फक्कीच्या रेघांमध्ये तिनं चांदीला उभं केलं. कट्ट्याच्या जागी विटा रचून घेतल्या, त्यावर टेकली, कासेला हात लावला. "ब्येस हाय," म्हणाली, आणि राजेश्वरीचा जीव भांड्यात पडला.

मग आत्या चांदीला घेऊन दुसऱ्या रांगेत गेली. तिथंही विटा रचल्या, तिथंही टेकली. चांदीनं मान वळवून पाहिलं, अंग चोरलं, आणि मागचा पाय असा झाडला की वरची वीट खाली पडली.

"राजे," आत्या शांतपणे म्हणाली, "ह्या वळीतल्या गाया उलट्या जन्माला आल्यात व्हय गं? मला उजव्या आंगाला कशाला बशीवलंस?"

राजेश्वरीनं आधी चांदीकडं पाहिलं, नंतर हातातल्या नकाशाकडं. मग सगळं एकदम दिसलं. आरशात डाव्याचं उजवं होतं. पडद्यावर तिनं गाय म्हणून नुसता चौकोन काढला होता, आणि चौकोनाला ना तोंड, ना शेपूट, ना डावं, ना उजवं. तान्हेपणापासून आत्याच्या मांडीवर बसून धारा बघितलेली पोरगी ती! हातानं काढली असती तर दुसऱ्या रांगेतल्या पहिल्याच गाईपाशी हात थांबला असता.

आप्पा म्हणाले, "कांपुटर चुकला म्हणायचा. जाऊ द्या, एका वळीचं कट्टं सोडून देऊ. संभाजीराव, घ्या खड्डं."

"म्हंजी पाच गायास्नी टेकून आन् पाच गायास्नी कण्हत," आत्या म्हणाली.

"न्हाय आप्पा, कॉम्प्युटरनं मी सांगितलं तेच केलं. चुकलं माझं," राजेश्वरी म्हणाली. "मला तासभर द्या."

"चहा होईस्तवर," आप्पा म्हणाले.

ती नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल घेऊन बसली. ह्या वेळी प्रत्येक गाईला तोंड काढलं, शिंगं काढली. दुसऱ्या रांगेतले सगळे कट्टे गाईंच्या डाव्या अंगाला नेले. संभाजी खांद्यावरून वाकून बघत होता. "आता खांब समोरासमोर येईनात, ताई. दोन खांबांवर बसायची छपराची कैची ठिवू कशावर?"

बरोबर होतं त्याचं. तिनं पुन्हा पाहिलं. पुसलं. मग अख्खी दुसरी रांग एका गाईच्या जागेएवढी बाजूला सरकवली. कट्ट्यासमोर कट्टा आला, खांबासमोर खांब. गोठा चार फुटांनी लांबला, आणि प्रत्येक रांगेच्या एका टोकाला एकेक जागा मोकळी राहिली.

"ही भोकं कशाची?" आप्पांनी विचारलं.

"एकात वासरं बांधा. दुसऱ्यात दुधाच्या किटल्या ठेवा."

आप्पांनी चहा संपवला, कप विटेवर ठेवला आणि संभाजीला म्हणाले, "पुसा फक्की."

सुट्टी संपल्यावर तिनं क्लासला जाऊन फाईल दुरुस्त केली. कॉम्प्युटर सोडला नाही, 'मिरर'ही सोडलं नाही. असल्या रागाला काही अर्थ नसतो. पण आता प्रत्येक गाईला तोंड काढू लागली, आणि मैत्रिणी हसल्या. त्यांतली मनिषा दवाखान्याचा मोठा नकाशा करत होती, चाळीस खोल्या. राजेश्वरीनं तिला विचारलं, "डॉक्टर पेशंटच्या कुठल्या अंगाला उभे राहतात?" मनिषा म्हणाली, "उजव्या." मग तिनं आपला नकाशा पाहिला. आरशातल्या वीस खोल्यांत पेशंटचं उजवं अंग भिंतीला टेकलं होतं. त्या दिवशी मनिषा जेवायला उशिरा आली.

संक्रांतीला गोठा पुरा झाला. पहिल्या संध्याकाळी आत्यानं मुद्दाम दुसऱ्या रांगेपासून सुरुवात केली. राजेश्वरी वाटेत उभी राहिली, हात कुठं ठेवावेत ते न कळून. आत्या कट्ट्यावर टेकली, चरवी गुडघ्यांत धरली. चांदीनं एकदा मागं पाहिलं आणि गव्हाणीत तोंड घातलं. धारेचा आवाज आधी पत्र्यावर वाजावा तसा आला, मग भरल्या चरवीत जाड झाला. आत्या खांबाला धरून उठली. कण्हली नाही.

"दोन बोटं उंच झालाय कट्टा," ती म्हणाली आणि पुढच्या गाईकडं गेली.