कृष्णराजची पेटी

येडशीच्या अलीकडं माळाला एक विहीर आहे. मालक चार, मोटार एक, आणि भांडणं म्हणाल तर पाण्यापेक्षा जास्त. त्या चार घरांतल्या एका घरची शिवांजली. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करायची. बाप कृष्णराज गेला आणि पोरगी लॅपटॉप काखोटीला मारून आईजवळ आली, इथूनच काम करायला लागली. गावात लगेच कुजबुज, "हाकललं असंल कंपनीनं." हाकललं-बिकललं काही नव्हतं. पण खऱ्याला कुठं चव असते?

काम तिचं ब्लॉकचेनचं. म्हणजे एकच नोंद अनेकांकडं ठेवायची आणि सगळ्यांनी मान्य केली की मागच्या नोंदीत अशी ओवायची, की पुन्हा कुणाला फिरवता येऊ नये. यावरून तिच्या डोक्यात विहीर आली; पाण्याच्या बाऱ्याही अशाच लिहून ठेवाव्यात. कारण बाप गेल्यापासून त्याची गुरुवारची पाण्याची बारी थोरले चुलते आण्णासाहेब गुपचूप आपल्या उसाकडं वळवत होते. इकडं आईच्या, मथुराबाईच्या, वांग्यांनी माना टाकल्या होत्या.

शिवांजलीनं लॅपटॉपवरच चार कंटेनर उभे केले. यंत्राच्या पोटातल्या चार बंद पेट्याच म्हणा. प्रत्येकीला वाटतं, आपण वेगळं यंत्र आहोत. भावकीसारखंच. एक पेटी आण्णासाहेबांची, एक धाकटे चुलते रणधीर यांची, एक बाबामियाँची. त्यांनी मागं एक वाटा विकत घेतला होता. चौथीला ती आईचं नाव द्यायला गेली, तर मथुराबाईनं हात धरला.

"वर्षश्राद्ध होईस्तवर बारी त्यांच्याच नावानं. आपली रीत हाय."

म्हणून चौथी पेटी कृष्णराजची. होकार-नकार ज्यानं त्यानं आपल्या मोबाईलवरून द्यायचा, कृष्णराजचा मथुराबाईनं. बारी बदलायची तर सगळ्या पेट्यांचा होकार हवा.

दुपारी सगळे ओसरीवर जमले. आण्णासाहेबांनी पडद्यावरची चार नावं वाचली आणि मिशीत हसले.

"मेलेला माणूस होकार द्यायला येतोय व्हय? काढ ती पेटी. हयात हायेत त्यांचंच चालंल."

रणधीरनं मान डोलावली. तो त्यांचा जन्माचा धंदा. बाबामियाँची बैलगाडी आण्णासाहेबांच्या बांधावरून जायची, त्यामुळं ते जमिनीकडं बघत बसले. पेट्या कुणाकुणाच्या ठेवायच्या ते जास्त जण म्हणतील तसं करीन, असा शब्द शिवांजली आधीच देऊन बसली होती. आता जे लिहिलं जाईल ते कायमचं. आईचं पाणी तिच्याच हातानं बुडणार होतं. तिनं ओठ दाबून कृष्णराजची पेटी बंद केली, पुसून टाकली. पडद्यावर तीनच नावं उरली.

"घाल आता. गुरुवारची बारी आण्णासाहेबांना," रणधीरनं फर्मावलं.

तिनं घातलं. तिघांनी मोबाईल दाबले.

आण्णासाहेब : होकार.
रणधीर : होकार.
बाबामियाँ : होकार.

आणि खाली, सावकाश, चौथी ओळ उमटली.

कृष्णराज : नकार.

मथुराबाईचा मोबाईल तर चुलीपाशी पडला होता.

"पोरी, चेष्टा करतीस?" आण्णासाहेबांचा आवाज चिरकला.

"आण्णा, तुमच्यासमोरच पुसली की."

"परत घाल!"

परत तेच. बाबामियाँ पुटपुटले, "या अल्ला, किसनराजच बोल रा ये." आण्णासाहेब उठले ते अनवाणीच घरी गेले; चपला रणधीरनं मागून नेल्या.

त्या गुरुवारी मोटार मथुराबाईनं चालू केली. कुणी आडवं आलं नाही.

गाव म्हणालं, पोरीनंच काहीतरी खुबी करून ठेवली. गावाचं काय, देवानं दर्शन दिलं तरी विचारतील, कुणी पाठवलं? शिवांजलीलाही तसंच काही वाटलं होतं. पेटी गेली तरी तिच्यातला माहितीचा साठा कधीकधी यंत्रात मागं राहतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोपरान् कोपरा धुंडाळला. कुठंच काही नव्हतं. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. मथुराबाई म्हणाली, "आता माझं नाव घाल." शिवांजलीनं नवी चौथी पेटी केली आणि चौघांना विचारलं, गुरुवारची बारी मथुराबाईच्या नावे? चारही होकार आले. सगळ्यात आधी आण्णासाहेबांचा.

ती लॅपटॉप मिटणार, एवढ्यात खाली पाचवी ओळ उमटली.

कृष्णराज : होकार.

"काय गं, थांबलीस का?" आईनं विचारलं.

"काही न्हाय, आई. सगळ्यांचा होकार हाय."