खांबावरचा सत्तेचाळीस

मृणालिनीकाकूंचं आयुष्य सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर त्या टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये लेकीकडे, दीपाकडे राहायला आल्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पहिल्याच वादळात टीव्हीवर ब्राझोस नदीची पातळी पाहून त्यांनी विचारलं, "पन्नास फूट म्हणजे कुणाच्या दारात?"

आम्ही सगळे इंजिनिअर. एकालाही सांगता येईना.

"आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं," काकू म्हणाल्या. "पुलाशी इतके फूट झाले की या गल्लीत पाणी, आणखी दोन चढले की त्या. आकडा ऐकला की लोक गाद्या माळ्यावर टाकतात."

मग त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत घरोघर फिरल्या. २०१७ च्या पुरात पायरीला पाणी लागल्याचा फोटो आहे का? लोकांनी फोन धुंडाळले. फोटोची वेळ आणि नदीची तेव्हाची पातळी काकूंनी जुळवली आणि प्रत्येकाच्या पत्रपेटीच्या खांबावर निळ्या ऑइलपेंटने आकडा लिहिला. माझा सत्तेचाळीस, सगळ्यांत कमी. फोटो मीच दिला होता, वर त्यांच्या हातचे पोहे खाऊन.

पुढे मी घर विकायला काढलं आणि तो आकडा मला खुपू लागला. सोसायटीच्या कमिटीचा सेक्रेटरीही मीच. आकड्यांनी घरांची किंमत पडते, पुसून टाका, असं पत्र काकूंना गेलं. खाली माझी सही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय?

मीटिंगला काकू टर्पेंटाइनचा डबा आणि फडकं घेऊन आल्या. दोन्ही टेबलावर आपटली.

"मी पुसणार नाही. ज्याला आपला आकडा नकोय त्याने आपल्या हाताने पुसावा!"

दीपाने आधी दबकत, मग आईच्याच आवाजात ते इंग्रजीत सांगितलं. अध्यक्ष छताकडे बघत बसले. डबा मी उचलला. सांगायला लाज वाटते, पण उचलला.

आकडा पुसला. दुसऱ्या सकाळी सत्तेचाळीस पुन्हा हजर. पुन्हा पुसला. तिसऱ्या सकाळी काकू खांबापाशी स्टूल टाकून बसलेल्या सापडल्या.

"काकू, का जिवावर उठलात? मला घर विकायचंय!"

"वीक की. आकड्यासकट वीक." ब्रश थांबला नाही. "सांगलीला तळमजला भाड्याने दिला तेव्हा त्या मुलीने मला विचारलं होतं, इथे पाणी येतं का? मी नाही म्हटलं. वर्षाच्या आत तिला होडीतून काढली, सातवा महिना होता. वाचली बिचारी. पण होडीतून माझ्याकडे बघत होती, मनोहर. मी पुन्हा 'नाही' म्हणणार नाही. कर काय करायचं ते."

तेवढ्यात घर दुसऱ्यांदा बघायला केदार आणि हिमानी आले. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून इकडे बदली झालेलं जोडपं.

"काका, हा forty-seven कसला? मागच्या वेळी नव्हता," हिमानीने विचारलं.

काकूंनी ब्रश थांबवला. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगितलं. नदी सत्तेचाळीस फुटांवर गेली की या पायरीला पाणी लागतं. फोटोही दाखवला.

हिमानी सगळ्या रस्त्याने खांब वाचत गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी वळणावरचं चोपन्नवालं घर घेतलं. माझं अजून माझ्याच गळ्यात आहे. कमिटी मी सोडली.

आता बाजूच्या दोन सोसायट्या काकूंना बोलावतात. काकू फोटो जुळवतात, आकडे मी रंगवतो. गेल्या आठवड्यात कमिटीचं पत्र आलं, या वेळी माझ्या नावाने: आकडा ताबडतोब पुसा. मी टर्पेंटाइनचा डबा काढला, त्यात ब्रश स्वच्छ धुतला आणि सत्तेचाळीसवर रंगाचा आणखी एक हात दिला.