काहीच त्रास नाही

"गुरुजी, जरा इकडून तिकडे चालून दाखवा."

अकोल्याच्या एका सभागृहात आम्ही चाळीसेक शिक्षक बसलो होतो. घरोघरी फिरून भरायच्या पाहणीचं प्रशिक्षण होतं. शिकवणारे साहेब मोठ्या घरचे. वडिलांची बागायत, काकांचं कॉलेज. ते अपंगत्वाचे प्रश्न समजावत होते. दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला त्रास होतो का? उत्तरं चार. काहीच त्रास नाही. थोडा त्रास. खूप त्रास. अजिबात जमत नाही.

एका बाईंनी विचारलं, "सर, थोडा कुठं संपतो आणि खूप कुठं सुरू होतो?"

प्रश्न चांगला होता. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्या उजव्या पायावर येऊन थांबली.

मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय पाऊल पडत नाही. मी उठलो. आज सांगतो, उठायला नको होतं. फळ्यापासून दारापर्यंत गेलो, परत आलो.

"पुन्हा एकदा. मागच्यांना दिसलं नाही."

मी पुन्हा चाललो.

"आता सांगा. थोडा की खूप?"

हात वर झाले. थोड्याला जास्त हात. साहेब म्हणाले, "गुरुजी रोज वेळेवर शाळेत पोचतात ना? मग थोडाच." सगळे हसले. मीही हसलो. तेही इथं लिहून ठेवतो. मीही हसलो.

मग त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. "प्रत्येकाला प्रश्न वाचून दाखवत बसाल तर काम महिनाभरात उरकणार नाही. घरात कोणी अपंग आहे का, एवढं विचारा. नजर टाका. दिसलं तर लिहा, नाही तर पुढं चला."

हातातल्या छापील पुस्तिकेत नेमकं उलटं होतं. प्रश्न जसाच्या तसा वाचा. ज्याचा त्याला विचारा. 'अपंग' हा शब्द तोंडातून काढू नका, कारण तो ऐकला की घरं दारं लावून घेतात. मी ते वाचलं होतं. बोललो नाही. दोनदा चाललेला माणूस काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी मी आमच्या गावात फॉर्म भरायला लागलो. तेल्हारा तालुक्यातलं आमचं गाव. आणि पहिल्याच आळीत माझ्या धाकट्या भावाचं, गजाननचं घर.

गजाननबद्दल खरं सांगतो. मी आयुष्यभर त्याचा हेवा केला. त्याच्या पायांचा. तो विहिरीच्या काठावरून उडी घ्यायचा. पोळ्याच्या दिवशी बैलजोडी घेऊन तोरणाखाली तो उभा असायचा, मी मायजवळ. शाळेच्या वाटेवर नाला होता. पावसाळ्यात तो मला पाठीवर घेऊन पार करायचा. मी त्याच्या पाठीवर बसून त्याच्या पायांचा हेवा केला. बाया मायला म्हणायच्या, "एक तरी बरा निंघाला बाई." तो 'एक' मी नव्हतो.

दोघांपैकी एकालाच शिकवायचं ठरलं. शेतात मी उपयोगाचा नव्हतो, म्हणून शाळा मला मिळाली. गजाननला चौथीतून काढलं. मिसरूड फुटायच्या आत तो अकोटच्या जिनात लागला. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या रांगेत. वीस-बावीस वर्षं. त्या आवाजात माणसं एकमेकांशी हातवारे करूनच बोलतात. त्याचे कान हळूहळू गेले. आम्ही म्हणायचो, गजानन आपल्याच नादात असतो.

त्या दिवशी तो ओसरीवर बसला होता. मी फॉर्म उघडला. त्याची बायको शांता आतल्या दाराशी पदर ओढून उभी. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे बायका भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला उद्देशून बोलायचं आणि भासऱ्यानं ते ऐकायचं. नवरा ऐकू शकत नसेल तर भिंतीकडं पाहून बोलायचं.

ती भिंतीकडं पाहून बोलली.

"सांगा म्हना, दोन-दोन हाका मारा लागते. कुकरची शिट्टी आयकू येत नाई म्हना. मांगून गाडी आली त कळत नाई म्हना."

गजानन माझ्या पेनाकडं पाहून हसत होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. मला सगळं गेलं. 'खूप त्रास' या रकान्यावर माझं पेन आलं होतं.

आणि थांबलं.

मला चाळीस माणसांसमोर 'थोडा' मिळाला होता. त्याला 'खूप' द्यायचं माझ्या जिवावर आलं. पाय त्याचे, उडी त्याची, पोळा त्याचा. आमच्या घरात माझं असं एकच होतं, त्रास. मायची काळजी त्या त्रासापायी मला मिळाली. आता त्यातही हा माझ्या पुढं जाणार? ज्याचा मी जन्मभर हेवा केला त्याचं अंग मला कागदावर तरी धडधाकट हवं होतं. नाही तर मी इतकी वर्षं हेवा केला कशाचा?

मी लिहिलं, काहीच त्रास नाही.

फॉर्मच्या दोन प्रती असायच्या. एक मोजणीसाठी अमरावतीला गेली, दुसरी ग्रामपंचायतीत राहिली. पुढच्या वर्षी अकोल्यात कानाची यंत्रं देण्याचं शिबिर झालं. नावं त्या दुसऱ्या प्रतीवरून काढली होती. गजानन एसटीनं गेला. दिवसभर रांगेत उभा राहून परत आला.

"नाव नाई म्हने. तुमी धडधाकट हाये म्हने."

मी म्हणालो, "सरकारी कामात होते असं." त्याला तेही ऐकू गेलं नसावं.

पुढं मी निवृत्त झालो. शाळेनं नारळ दिला, शाल दिली. भाषणात कोणी म्हणालं, गुरुजींनी पायाची अडचण कधी सांगितली नाही. मी मान डोलावली. गजानन मागच्या खुर्चीवर बसला होता. सगळे टाळ्या वाजवायचे तेव्हा पाहून वाजवायचा.

गेल्या महिन्यात नवी पाहणी आली. गावातलीच एक पोरगी मोबाईल घेऊन फिरत होती. मी गजाननच्या ओसरीवर बसलो होतो, तर माझंही ती तिथंच भरून घेत होती. तिनं माझा पाय पाहिला आणि मोबाईलवर बोट दाबलं. विचारलं काही नाही. मग गजाननकडं पाहून मला म्हणाली, "काकाजी, यायले काई हाये का? दिसून त नाई राहिलं."

नजर टाका. दिसलं तर लिहा.

मी म्हणालो, "मह्या पायाचं खोड अगुदर. मले विचार. छापला तसा प्रश्न वाच. मंग त्यालेबी विचार."

"काकाजी, अजून लय घरं बाकी हायेत."

"राहू दे बाकी. मह्याकून चुकीचं लिहून घेऊन तू या घरातून उठणार नाई."

ती चिडली, पण तिनं वाचलं. मी माझं उत्तर दिलं. खूप त्रास. मग मोबाईल गजाननसमोर धरला. चौथी शिकलेला माणूस. ओठ हलवत त्यानं ऐकण्याचा प्रश्न वाचला, चारी उत्तरं वाचली आणि शेवटच्या उत्तरावर बोट ठेवलं. अजिबात जमत नाही. कोणालाच विचारलं नाही त्यानं.

पोरगी गेली. शांता दारातून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण भिंतीकडं पाहिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडं पाहून बोलली.

"तवा मी तीन गोष्टी सांगतल्या होत्या. तुमी आयकल्या होत्या."

"हो."

"आयकूनबी लिवलं नाई."

"नाही लिहिलं."

"आता तुमीच सांगा त्यायले. मी नाई सांगत."

गजानन आमच्या तोंडाकडं आलटून पालटून पाहत होता. मी त्याच्या नातवाची पाटी घेतली. लिहिलं, 'शिबिरात तुझं नाव नव्हतं ते माझ्यामुळं. मी मुद्दाम लिहिलं नाही.'

त्यानं वाचलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं विचारलं, "काहून?"

मी लिहिलं, 'तुझा हेवा वाटायचा.'

त्यानं पाटी खाली ठेवली.

"माया हेवा? तुले पाय नोयते म्हनून तुले शाळा भेटली. मी धडधाकट निंघालो म्हनून जिनात गेलो. तू खुर्चीवर बसला. मी तुया हेवा करत होतो, भाऊ. पण म्या तुयं काई खोटं लिवलं नाई."

तो उठून गोठ्याकडं गेला. तेव्हापासून माझ्याकडं पाहत नाही. आमच्यात बोलणं पाहण्यावरच होतं. तेही आता नाही.

जुन्या पाहणीच्या वर्षी मी नुसती नजर टाकून किती घरं भरली ते आठवत बसलो आहे. ताटाला डोळे टेकवून तांदूळ निवडणारी एक लग्नाची पोर. बाप म्हणाला, "काई नाई गुरुजी, लिवू नका." मी लिहिलं नाही. शेतातून घरची वाट विसरणारी एक म्हातारी. ती चालताना दिसली, म्हणून ठीक. तिथं हेवा नव्हता. तिथं मी साहेबांचा हुकूम पाळत होतो, ज्यांनी माझा तमाशा केला त्यांचाच. अपमान गिळून मी तो खाली वाटत गेलो. माझ्या पायापुढं कुणाचं काही मोठं दिसू नये, हेही त्यात होतं की काय, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्या नोंदी दुरुस्त करायला मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. ग्रामसेवक म्हणाला, "जुनं उकरून काय भेटते, काकाजी?" मी अर्जाच्या प्रतीवर त्याचा शिक्का घेतला. येत्या ग्रामसभेत फॉर्मची ती जुनी प्रत मागवून माझ्या हातचं अक्षर दाखवणार आहे. त्या घरांत पुन्हा जाणार आहे. जे जिवंत आहेत त्यांना प्रश्न वाचून दाखवणार, प्रत्येकाला, छापला तसा. जे गेले त्यांच्या नावापुढं लिहिणार की विचारलं नव्हतं.

हेवा गेलेला नाही. काल गजानन गोठ्यातून गवताचा भारा घेऊन ताठ चालत आला, तेव्हा मी पुन्हा त्याच्या पायांकडंच पाहिलं. सत्तरी ओलांडली तरी होतं. होऊ दे. त्यासाठी आता कुणाची नोंद बदलणार नाही.

गजाननची माफी मागणार नाही. मागितली की लोक त्याला ती द्यायला लावतील, मोठा भाऊ आहे म्हणतील. त्यानं ती देऊ नये.