काकाच्या बारवेतलं पाणी

आईला नारू झाला, पायातून दोऱ्यासारखा जंत निघाला, तेव्हा काका म्हणाला, पाप पायातून बाहेर पडतंय. वडील वारले होते. घरात त्याचाच शब्द चाले. त्यानं आईची चूल गोठ्यात मांडली आणि पार आष्टीच्या बाजारापर्यंत तिची बदनामी केली. तिचा पाय कायमचा वाकडा झाला. नारू त्यालाही दरसाल निघे, पण ती मात्र म्हणे अंगातली उष्णता! बारव त्याच्या मालकीची. पायातून दोरा डोकावला की आग शमवायला पाय पाण्यात सोडून तो पायरीवर खुशाल बसायचा. गाव तेच पाणी प्यायचं.

निजाम गेला, नवं सरकार आलं आणि मी आरोग्यखात्यात पाणी तपासायला लागलो. नोकरी पोटासाठी होती. नारूचं काम मात्र मी मागून घेतलं ते काकासाठी. एका उन्हाळ्यात आमच्याच गावची पाळी आली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

काम सोपं होतं. घागरभर पाणी बारीक मलमलीतून गाळायचं, फडकं उलटं करून बशीतल्या पाण्यात खळबळायचं. झटके देत पळणारे पाणकिडे दिसतात. एक किडा काचेवर घेऊन त्यावर सौम्य आम्लाचा थेंब सोडला की तो मरतो, आणि त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असलं तर वळवळत बाहेर येतं. नारू निघालेला पाय पाण्यात बुडाला की नारू पिल्लं सोडतो, ती हे किडे खातात. असा किडा पाण्यासोबत पोटात गेला की वर्षानं माणसाचा पाय फुटतो. काकाच्या बारवेनं मला निराश केलं नाही.

मी सूक्ष्मदर्शक थेट चावडीवर मांडला. पायाला चिंधी बांधलेला काका लंगडत आला.

"घरातली गोष्ट हाय, घरात बोलू."

"आईची गोष्ट घरात ठेवली होती का तुमी?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "बघा, काका. तुमच्याच पायातलं लेकरू हाय. बराबर वळखा."

त्यानं डोळा लावला आणि चेहरा पांढराफटक पडला. मग एकेक करून सारं गाव वाकलं. बायांनी भरल्या घागरी तिथंच पालथ्या केल्या. पायऱ्या बुजवून रहाट बसवायचं ठरलं. काकाला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

शेवटी काठी टेकत आई आली. मी बाजूला सरकून "बघ" म्हणालो. तिनं काचेकडं पाहिलंच नाही. ती काकाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, चांगली मन भरेपर्यंत.