म्हात्रेकाकांच्या टेबलापाशी

कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी मोबाईल काढून बसते. अमावस्या कधी आली नि गेली, मला पत्ता नसतो. हे आधीच लिहिते, कारण मी आजवर इतरांना जे ऐकवत आले तेच आता तुम्ही मला ऐकवाल.

माझं ऑफिस तुर्भे एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर. मालवाहतूक कंपनीचं बिलिंग. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची... आणि ती काच उघडत नाही. यंदा होळीच्या सुमारास एसी बंद पडला. ॲडमिनचे देसाईसाहेब रोज म्हणायचे, "पार्ट यायचाय." त्यांच्या केबिनला वेगळा एसी, तो बरा कधी बिघडला नाही. आम्ही घरून टेबलफॅन आणले, तर "लोड येतो" म्हणून तेही बंद करायला लावले.

गेल्या उन्हाळ्यातही हेच झालं होतं. तेव्हा आमचे म्हात्रेकाका एकटे एसीसाठी भांडायचे. एका दुपारी ते टेबलावरच कोसळले. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "हार्टचं होतं त्यांना," म्हणून ऑफिसने विषय मिटवला. खांबाजवळची त्यांची खुर्ची तेव्हापासून रिकामीच होती.

एप्रिलमध्ये आमच्या स्नेहाला भर दुपारी चक्कर आली. खारघरहून येते, सातवा महिना चालू होता. मी आणि दिवाळे गावाहून येणाऱ्या आमच्या निर्मलाताईंनी तिला धरून जवळच्या खुर्चीत बसवलं. ती नेमकी काकांची. मी तिच्या तोंडावर पाणी मारायला वाकले... आणि माझ्या हातावर काटा आला. भीतीने नाही, थंडीने.

वारा नव्हता. वर एसीची जाळीही नाही, नुसता स्लॅब. टेबलाच्या कडेपर्यंत गार, हात जरा बाहेर काढला की पुन्हा भट्टी. थोड्या वेळाने स्नेहाने डोळे उघडले आणि ओढणी अंगाभोवती घेत म्हणाली, "एसी आला का गं?"

निर्मलाताईंनी हात पुढे करून बघितला. मग खुर्चीकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हात्रेकाका, पोरीला बघा. पोटुशी हाय ती."

कोणी हसलं नाही.

स्नेहा तिथेच बसायला लागली. आणि देसाईंना कळलं. त्यांनी काय करावं? थर्मामीटर आणून त्या टेबलावर ठेवला. चोवीस. त्याचा फोटो काढून वर पाठवला — स्टाफची तक्रार खोटी, टेम्परेचर नॉर्मल. माझ्या टेबलावर ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, एकच ऑफिस आहे, एकच टेम्परेचर असणार." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेला माणूस एका गरोदर बाईला सावली धरतोय असं आम्हाला वाटत होतं, आणि हे त्याचाच पुरावा करून आम्हाला खोटं पाडत होते.

दुसऱ्या दिवशी स्नेहा चेकअपला गेली होती. देसाई लॅपटॉप घेऊन ऐटीत त्या खुर्चीत बसले. पाचेक मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. चेहरा लालबुंद. "इथे तर जीव जातोय," म्हणत उठले. निर्मलाताई मान वर न करता म्हणाल्या, "काय सांगता साहेब, चोवीस हाय ना तिथं?"

दुपारनंतर स्नेहा आली, बसली. मी हात लावून बघितला. गार.

त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी काम थांबवलं आणि जिन्यात जाऊन बसलो. बिलं निघाली नाहीत तशी वरून माणसं आली, आणि इतके दिवस न मिळणारा पार्ट दोन दिवसांत मिळाला. मेकॅनिकला मी मुद्दाम विचारलं. त्याने बाजूचं सिलिंग उघडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, या खांबाकडे एसीची लाईनच नाही."

एसी सुरू झाला त्या दिवसापासून तो कोपराही बाकी ऑफिससारखाच झाला. मी येता-जाता हात लावून बघते. काही नाही. स्नेहाला मुलगी झाली, दोघी ठीक आहेत.

तिथे काय होतं, मला माहीत नाही. डोकं खाजवून थकले. पण काका जिवंतपणी मागत होते तो एसी दुरुस्त व्हायला दोन दिवस पुरतात, हे मात्र मला आता माहीत आहे... आणि ते मला त्या गारव्यापेक्षा जास्त छळतं.