एकाच परातीतली कणीक

आठवीतच शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत. पण डिंभे धरणाच्या काठावर गळ टाकून बसलं की मासे कमी आणि किस्से जास्त जमतात. बोलायला मी लाजतो, म्हणून लिहून काढले. दिवसभर घोडेगावात गॅरेजमध्ये असतो. चार माणसांत बसायला मला हा एकच काठ आहे.

आमच्यात सगळ्यात जुने बापू. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गळाला लावायची कणीक घरून मळून आणतात आणि डबा मांडीखाली ठेवतात. एकदा रफिकचाचा सहज म्हणाले, "बापू, वास लई भारी येतोय. काय घातलंय?"

"वास घेतलाच कशाला?" म्हणत बापू दहा पावलं लांब जाऊन बसले!

चाचा जुन्नरला शिलाई मशीन दुरुस्त करतात. तेही कमी नाहीत. कोण कुठल्या दगडावर बसलं, त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवतात. मी विचारलं, "चाचा, माझेच फोटो जास्त का?"

"तू बोलत नाहीस ना! अशावर लक्ष ठेवावं लागतं."

यंदा मे महिन्यात पाणी उतरलं आणि संध्याकाळी पाण्यातून चिलटांसारखी, बारीक पंखांची पाखरं निघाली. ढगच्या ढग! अंगावर, चहात, सगळीकडं. मासे नुसते उड्या मारत होते, पण तीन दिवस गळाला एक झटका नाही.

बापूंनी निकाल दिला, "कुणीतरी आपल्याआधी येऊन माशांना चारतंय. त्याबिगर असं व्हत न्हाई."

मग ठरलं, कुणाची वेगळी कणीक नको, परात एकच. पण मळणार कोण? बापूंनी हात घातला की चाचांना संशय, चाचांनी घातला की बापूंना. शेवटी दोघांनी मिळून मळली, एकमेकांच्या बोटांकडं बघत!

आणि मासा लागला नेमका मला. किलोभराचा कटला! बापूंनी माझा हात हुंगला. साबणानं धुवायला लावला. परत हुंगला.

मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो, "बापू, चिरून बघू."

चिरला, तर पोटात पाखरांचा काळा लगदा. मी म्हणालो, "बघा, पोट यानं भरलंय. कणीक कशाला खातील? हा एक चुकून लागला."

मी चाकू पुसून खिशात ठेवला. मला वाटलं, सुटलो.

"म्हंजी," बापू म्हणाले, "पाखरं तू सोडलीस व्हय!"

चाचांनी लगद्याचा फोटो काढला. "पुरावा."

"उद्या परत तुलाच लागला," बापू म्हणाले, "तर या काठावर पाय ठेवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पाखरं नव्हती. एका बाजूला बापू, दुसऱ्या बाजूला चाचा. मी गळ टाकला आणि काठी पार वाकली. एवढा जड मासा मला कधी लागला नव्हता. दोघं एकमेकांच्या डब्याकडं बघत होते. मी खिशातला चाकू काढला आणि गळाची दोरी, तंगूस, कापली.

"काय रं, लागलं काय?" बापूंनी विचारलं.

"नाय बापू," म्हणालो, आणि रिकामी काठी धरून दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी बसलो.